शेड नको, दिवाळीत कुटाराचे (ढोरांच्या भुशाचे) पैसे द्या

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मोठ्या प्राणीसंस्थांनी अमुक गोशाळेला मदत केली अशा बातम्या फोटोसकट येत राहतात, चांगलंच आहे, पण ती मदत कशाची अन् कधी येते हे कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

आमच्या तालुक्यातून नागपूर-हैदराबादचा ४४ नंबर हायवे जातो. तेलंगणात चाललेले ढोरांचे ट्रक पोलीस इथं पकडतात अन् रातच्या रात जनावरं जवळच्या गोशाळेत उतरवतात. गोशाळा म्हणजे काय तर टिनाचं शेड, एक बोअर अन् दोन गडी. त्यात २०१५ पासून बैलही गोहत्याबंदीच्या कायद्यात आले, म्हणजे म्हातारा बैल शेतकऱ्याले पोसवतही नाही अन् कसायाला विकताही येत नाही, तोही शेवटी तिथंच. कायदा बरोबर की चूक ते बाजूला ठेवा, खाणारी तोंडं वाढली एवढं खरं.

पकडलेलं ढोर म्हणजे केसचा मुद्देमाल. २०१७ च्या केंद्राच्या नियमात लिहून आहे की केस चालू असेपर्यंतचा खर्च आरोपी अन् गाडीमालकाकडून वसूल करायचा. कागदावर! तारखा पडत राहतात अन् गोशाळावाला उधारीवर ढेप (पेंड) आणत राहतो. सरकारनं २०२४ मध्ये गोशाळेतल्या देशी गाईमागे दिवसाला ५० रुपये जाहीर केले, त्या ५० रुपयांत कोणी मे महिन्यात एका मोठ्या ढोराचं पोट भरून दाखवावं.

आता मोठ्या संस्थांचं. लोकांना वाटते दिल्ली-मुंबईच्या संस्थेला पैसे दिले की ते आपोआप गावच्या शेल्टरपर्यंत येतात. तसं नसते ना बापा. इंग्लंडातली आरएसपीसीए ही प्राण्यांसाठीची संस्था १८२४ पासूनची, पण तिथल्याही लोकल शाखा वेगळ्या रजिस्टर असतात अन् आपल्या खर्चाचा पैसा बराचसा आपणच जमवतात. आपल्या देशात तर २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा एफसीआरए कायदा बदलला, तेव्हापासून परदेशातून आलेला पैसा एका संस्थेला दुसरीकडे देताच येत नाही, म्हणजे मोठ्यांनी बाहेरून फंड आणून लहानांत वाटायचा हा रस्ताच बंद. उरलं देशातलं डोनेशन अन् कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजकामासाठी द्यायचा पैसा. त्यात प्राणी कल्याण बसते, पण त्यासाठी इन्कम टॅक्सवाली १२ए अन् ८०जी, सीएसआर घ्यायच्या नोंदणीचं सीएसआर-१, ऑडिट, एवढी कागदं लागतात. आमच्या गोशाळावाल्याले कोणतं ढोर कधी गाभण राहिलं ते तोंडपाठ, पोर्टलचा पासवर्ड मात्र दर वेळी पोराला विचारा लागते. मोठ्या संस्थेनं जिल्ह्यासाठी एक सीए अन् कागदं करणारा एक माणूस दिला तरी कितीतरी दारं उघडतील, पण त्याचा फोटो काय काढणार!

अन् पैसा येतो कधी, तर मार्चच्या शेवटी, खर्च दाखवायचा असतो म्हणून. त्यात शेड उभं होते, वर देणगीदाराचं नाव. सोयाबीनचं कुटार मात्र निघते दिवाळीच्या आगेमागे. तेव्हा थ्रेशरवरून उचललं तर स्वस्तात, ओळखीत फुकटातही मिळून जाते, उन्हाळ्यात तेच जास्तीचे पैसे देऊनही दिसत नाही. भंडारा-गोंदियाकडे कापणीनंतर धानाची तणस (पेंढा) बांध्यांत जाळतात लोक, अन् इकडे ढोरं भिंती चाटतात. गाठी बांधायचा अन् ट्रकचा खर्च कोणी उचलला तर उन्हाळा निघून जाईल. एकट्या गोशाळेला हे जमत नाही, मोठी संस्था दहा जणांची खरेदी एकदम करू शकते.

डॉक्टरचंही तेच. वर्षातून एक कॅम्प, हार, भाषणं, अन् मग वर्षभर शुकशुकाट. २०२२ च्या ढोरांच्या लम्पी रोगाच्या साथीत पाहिलं ना सगळ्यांनी, लस, जखमेचा स्प्रे अन् गोचिडाचं औषध वेळेवर लागते, कॅम्पच्या तारखेवर नाही. महिन्याला ठरलेल्या दिवशी डॉक्टर येऊन गेला तरी खूप झालं.

कोणी म्हणेल गोशाळावाल्यांतही चोर आहेत. आहेत ना, नाही कोण म्हणते. म्हणून त्यांच्या हातात नगदी देऊच नका, कुटारवाल्याच्या खात्यात टाका, काट्याची पावती घ्या अन् कानातले बिल्ले मोजून जा.

तुमच्या पेपरनं सोयाबीन निघायच्या आधी जिल्ह्यातल्या गोशाळांना विचारून कोणाकडे किती ढोरं अन् किती कुटार लागते एवढं छापावं, ही विनंती. आमच्या गावची यादी मी आणून देतो.

आपला एक वाचक,
ता. केळापूर, जि. यवतमाळ