जॅक्सनव्हिलच्या दादाला, उशिरा का होईना, थँक्यू

दादा, बारा-तेरा वर्षं झाली आणि मी तुला एकदाही धड थँक्यू म्हटलेलं नाही, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितोय.

२०१२ ला मी प्रोजेक्टवर फ्लोरिडात जॅक्सनव्हिलला आलो तेव्हा माझ्याकडे गाडी नव्हती, लायसन्स नव्हतं, ओळखीचं कुणी नव्हतं. तू रोज सकाळी खाली येऊन हॉर्न द्यायचास आणि शनिवारी इंडियन स्टोअरला न्यायचास, त्या लिफ्टचे उपकार तर आहेतच पण खरं सांगायचं ते गाडीतल्या गाण्यांबद्दल. सांगलीत मी दहा वर्षं गाणं शिकलो होतो, आवाज फुटला तेव्हा क्लासमध्ये सांगितलं गेलं की आता तुझं काही होणार नाही, आणि मी पेटी कपाटावर ठेवली ती ठेवलीच. हे मी तुला दुसऱ्याच आठवड्यात सांगितलं होतं. तू काही बोलला नाहीस, फक्त सीडी बदललीस.

ती ऑलमन ब्रदर्स ह्या रॉक बँडची होती, मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टला लाइव्ह रेकॉर्ड केलेली. तू म्हणालास, ही आपण राहतो त्या गावची माणसं, १९६९ ला बँड इथेच जमला आणि मग जॉर्जियात मेकनला गेला. त्यांच्या गिटारवाल्या ड्वेन ऑलमनची गोष्ट तू सांगितलीस ती मला अजून पाठ आहे. वाढदिवसाला सर्दीने बेजार, धाकट्या भावाने, म्हणजे ग्रेगने, ताज महाल नावाच्या ब्लूज गायकाची रेकॉर्ड आणि कोरिसिडिनच्या गोळ्यांची बाटली आणून दिली, आणि ह्याने गोळ्या ओतून टाकल्या, लेबल धुऊन काढलं, बाटली बोटात घातली आणि रेकॉर्ड लावून त्यातली स्लाइड, म्हणजे बोटातली काच तारांवर सरकवत वाजवायची गिटार, वाजवायला बसला. पुढे मसल शोल्सच्या स्टुडिओत दुसऱ्यांच्या गाण्यांवर साथ करत करत तयार झाला, आणि ऐकत काय होता तर जॅझवाले माइल्स डेव्हिस आणि कोल्ट्रेन! चोविसाव्या वर्षी मोटरसायकलच्या अपघातात गेला. तू हे सांगताना गाडी हळू चालवायचास, मला आठवतंय.

मग तू गिटारवादक डेरेक ट्रक्स लावलास आणि माझं सगळं बदललं. हा पण जॅक्सनव्हिलचाच, काका बुच ट्रक्स ऑलमन ब्रदर्सचे ड्रमर, नाव एरिक क्लॅप्टनच्या डेरेक अँड द डॉमिनोज ह्या बँडवरून ठेवलेलं. नवव्या वर्षी पाच डॉलरची सेकंडहँड गिटार घेतली, हात लहान म्हणून बोटांऐवजी स्लाइड धरली. असं पोरगं आयुष्यभर ड्वेनची नक्कल करून पोट भरू शकलं असतं की नाही, घरातच सगळं तयार होतं. पण त्याने काय केलं, १९९७ च्या पहिल्याच अल्बममध्ये कोल्ट्रेन आणि माइल्स घेतले, म्हणजे ड्वेनची वाक्यं नाही उचलली, ड्वेन जिथे पाणी प्यायला त्या विहिरीवर गेला. आणि तिथेही थांबला नाही, कॅलिफोर्नियात सॅन राफेलला सरोदवादक उस्ताद अली अकबर खाँसाहेबांच्या कॉलेजमध्ये जाऊन शिकला, नुसरत फतेह अली खाँसाहेबांची कव्वाली बँडसोबत वाजवली. माझ्या मते त्याचं मोठेपण त्याच्या स्पीडमध्ये नाहीच, ह्या ऐकण्यात आहे.

तो शनिवार आठवतो का, स्टोअरच्या पार्किंगमध्ये, पिशव्या मागच्या सीटवर, कोथिंबिरीचा वास? तू आधी डेरेकचा एक सोलो लावलास, मग अली अकबर खाँसाहेबांचा सरोद, आणि म्हणालास, तू शिकलायस ना, सांग ह्यात सारखं काय आहे. मी म्हटलं मींड. सरोदला पडदे, म्हणजे फ्रेट, नसतात, पत्र्यावर नखाने तार दाबून सरकत जायचं, स्लाइडमध्येही काच पडद्याला न टेकता तारेवरून सरकते, म्हणजे दोन सुरांच्या मधली जागा हातात येते, जी पेटीवर मला कधीच मिळाली नव्हती. मग तू डेरेकच्या गिटारच्या ओपन ई ट्यूनिंगचे, म्हणजे सहा मोकळ्या तारांचे, सूर सांगितलेस, ई बी ई जी शार्प बी ई, आणि मी मोजत मोजत म्हटलं, अरे दादा हे तर सा प सा ग प सा आहे, तानपुराच झाला की! तू इंजिन बंद केलंस आणि म्हणालास, गाऊन दाखव. मी सात वर्षांनी पहिल्यांदा आ लावला, तो तुझ्या गाडीत. आवाज थरथरत होता आणि तू एक शब्द न बोलता ऐकत बसलास, मागच्याने हॉर्न मारला तरी.

त्यानंतर तू तुझी जुनी गिटार दिलीस, पैसे घेतले नाहीस, आणि काचेची स्लाइड माझ्या अनामिकेत घालून दाखवलंस की पडद्याच्या मागे नाही, बरोब्बर डोक्यावर धरायची, मागचं बोट तारेवर हलकं टेकवायचं, नाहीतर खरखर येते. सूर बघू नकोस, ऐक, हे तुझं वाक्य. दोन महिने मी बेसूरच वाजवत होतो आणि तू शेजारी चहा पीत बसायचास.

टेडेस्की ट्रक्स बँडच्या शोला तू नेलंस तेही राहून गेलं बोलायचं. डेरेकची बायको सुझन पुढे गातेय आणि हा कडेला डोळे मिटून उभा, बोटांनीच वाजवतोय, ती गाते तेव्हा जवळजवळ गप्प, दोन ओळींच्या मधे एवढीशी जागा भरतोय. मला आपल्याकडचे चांगले साथीदार आठवले. एवढा वाजवता येणारा माणूस मागे सरकायला शिकला, ह्याला मी वाढ म्हणतो.

आणि २०२२ ला त्यांचे ते चार अल्बम आले, फारसी कवी निजामीच्या लैला-मजनूवरून, तेव्हा मी पुण्यात होतो आणि पहिला फोन तुलाच करायला हवा होता. ज्या बँडवरून त्याचं नाव पडलं त्यांच्या 'लैला' ह्या रेकॉर्डच्याही मागे तीच कविता, आणि चाळिशीत तो थेट तिच्याकडे गेला, तू शिकवलंस तसाच ना, मुळाशी.

सध्या मालकंस काढतोय. त्यात पंचम नाही, शुद्ध गंधारही नाही, म्हणजे तुझ्या ट्यूनिंगमधल्या सहापैकी तीन मोकळ्या तारा चुकूनही वाजता कामा नयेत, त्या उजव्या हाताच्या बोटांनी दाबून धरतो आणि तरी पंचमाची एक तार मधेच बोलते. डिसेंबरमध्ये येतोयस ना, तेव्हा ऐक आणि सांग बोट कुठे चुकतंय. गिटार तीच आहे, काच पण तीच.