पाच बोटं

प्रिय भावा,

परवा माळा आवरताना तुझा तो माद्रिदचा पांढरा टीशर्ट गावला आणि मी एकटाच खदाखदा हसत सुटलो. आठवतंय काय? २९ नोव्हेंबर २०१०, कॅटलोनियाच्या निवडणुकीमुळं माझ्या बार्सिलोनाची (बार्साची) आणि तुझ्या रिअल माद्रिदची फुटबॉल मॅच रविवारची सोमवारी गेलेली, आपल्याकडं तर रात्रीचा दीड, म्हणजे मंगळवारच लागलेला. घरात अभ्यासाची थाप मारून तू आलेलास, आणि आत बाबा झोपलेले म्हणून टीव्ही मुका ठेवून बघत बसलो.

कोच मोरिन्योचा माद्रिदकडनं पहिलाच क्लासिको (या दोन टीमची मॅच), माद्रिद टेबलात एका पॉइंटनं पुढं, लीगमधी तोवर एकबी मॅच हरलेली नाही, तुझा तोरा काय सांगावा मर्दा! दहाव्या मिनिटाला आमच्या झावीनं बॉल तुमच्या गोलकीपर कासियासवरनं उचलून टाकला, तू म्हणालास नशीब. अठराव्याला पेद्रो, तेव्हा गप. हाफटाइमला मोरिन्योनं हल्ला करणाऱ्या ओझिलला बसवून बचाववाल्या डियाराला आणला तेव्हाच मी वळखलं, गडी भ्यालाय. मग ५५ आणि ५८ ला व्हिया, दोन्ही पास मेस्सीचे, आणि तू चपला शोधायला लागलास. बार्साच्या मैदानावर, कॅम्प नोऊवर, जेफ्रेननं पाचवा घातला तेव्हा तू गल्लीच्या टोकाला असशील. त्यामुळं तुमच्या रामोसनं मेस्सीला लाथ घालून घेतलेलं रेड कार्ड, आमच्या पिकेनं वर केलेली पाच बोटं, हे सगळं तुला सकाळी मिसळीवर कळलं. मी पाव मागताना पण मुद्दाम पंजाच दाखवला की!

पाच गोल आणि त्यात मेस्सीचा एकबी नाही, मला तर हेच लई भारी वाटतं. सगळा खेळ जमिनीवरनं, बॉल याच्याकडनं त्याच्याकडं, माद्रिदवाले नुसते मागं पळत. आपल्या शाहू स्टेडियमवर कुणी बॉल मागं दिला तर अख्खी गॅलरी त्याच्या खानदानावर जाते. तरी माझ्या डोक्यात झावीच बसलेला, गांधी मैदानात चार दिवस नुसता बारका पास देत हिंडलो, शेवटी कडेचे एक आजोबा वैतागून ओरडले, "आरं फुडं मार की, मागं काय तुझी सासुरवाडी हाय?" त्यावर सगळ्यात मोठ्यांदा तूच हसलेलास, चार दिवसांचं सगळं फेडून घेतलंस.

टीशर्ट धुऊन ठेवलाय. बाहीला कट सांडलेला डाग मात्र निघंना. दिवाळीला आलास की घेऊन जा, पण पाच हेलपाटे घालायला लावणार, आधीच सांगतो.

तुझाच,
बार्सावाला