ताई, शॅडो फाइलमधली शेवटची ओळ काल बदलली

प्रिय ताई,

त्या रविवारी रात्री तुम्ही जवळजवळ दोन तास फोनवर होतात. फोन ठेवताना माझ्या तोंडून धड आभारही निघाले नाहीत, म्हणून हे पत्र.

वाचनालयाच्या बॅकअपची हार्ड डिस्क दोन दिवस सापडत नव्हती. शेवटी ती आमच्याच कपाटात निघाली, पण तोवर माझ्या पोटात गोळा आला होता. त्या डिस्कवर सर्व्हरची शॅडो फाइल होती, म्हणजे जिच्यात प्रत्येक खात्याच्या पासवर्डचा हॅश, त्याचं उलगडता न येणारं रूप, असतो ती फाइल, आणि तिच्यातल्या चाळीसेक खात्यांच्या ओळी डॉलर-एक-डॉलरने सुरू होत होत्या. ओळीची ही सुरुवात हॅश करायची पद्धत सांगते. डॉलर-एक-डॉलर म्हणजे एमडी५-क्रिप्ट, १९९४ सालची, तोच हिशेब हजार फेऱ्या करणारी पद्धत. ती लिहिणाऱ्या पॉल-हेनिंग कँप यांनीच २०१२ मध्ये ती आता सुरक्षित मानू नका असं जाहीर केलं होतं.

मी घाईघाईने लॉगिन-डेफ्स या सेटिंगच्या फाइलमधली एन्क्रिप्ट-मेथड, म्हणजे हॅशची पद्धत, बदलली, स्वतःचा पासवर्ड बदलून पाहिला. ओळ पुन्हा डॉलर-एक-डॉलर! रडकुंडीला येऊन तुम्हाला फोन केला, तर तुम्ही एवढंच म्हणालात, "पासवर्ड लिहितं कोण, ते आधी बघ." आमच्या सर्व्हरवरच्या डेबियन या लिनक्सवर वापरकर्त्याचा पासवर्ड पॅम ही लॉगिन-पासवर्डचं काम बघणारी यंत्रणा लिहिते. तिच्या कॉमन-पासवर्ड फाइलमध्ये पॅम-युनिक्स या मॉड्यूलच्या ओळीच्या शेवटी कधीतरी कुणीतरी हाताने एमडी५ लिहून ठेवलं होतं. तेच अपग्रेडनंतरही चालू राहिलं होतं.

फाइलला हात लावायच्या आधी तुम्ही मला दुसऱ्या टर्मिनलमध्ये रूटने, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याने, लॉगिन करायला लावलंत. "काहीही झालं तरी ही खिडकी बंद करायची नाही." पाचच मिनिटांत माझ्या हातून मॉड्यूलच्या नावातलं एक अक्षर उडालं आणि पासवर्ड बदलणंच बंद पडलं. त्या उघड्या खिडकीतून ते लगेच दुरुस्त झालं. तुम्ही रागावला नाहीत, की "मला रिमोट ॲक्सेस दे, मी करते" असंही म्हणाला नाहीत. हे मी विसरणार नाही.

एसएचए-५१२ या दुसऱ्या हॅश पद्धतीच्या पाच हजार फेऱ्या वाढवून भागणार नाही का, असं मी विचारलं होतं. तुम्ही समजावलंत की नुसत्या फेऱ्या, पासवर्डचे अंदाज करून बघणाऱ्या चोराचं ग्राफिक्स कार्ड हजारोंनी एकाच वेळी फिरवतं. येसक्रिप्ट या नव्या पद्धतीला मात्र प्रत्येक अंदाजासाठी मेमरीही लागते, तिथे चोराचा खर्च वाढतो. डेबियनने २०२१ मध्ये, ११ व्या आवृत्तीपासून, तेच का डीफॉल्ट केलं ते तेव्हा कळलं. माझी ओळ डॉलर-वाय-डॉलरने, म्हणजे येसक्रिप्टच्या खुणेने, सुरू झालेली दिसली तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते.

तुम्ही तिथेच थांबू दिलं नाहीत, याचे आभार सगळ्यात जास्त. सेटिंग बदललं तरी जुन्या ओळी जुन्याच राहतात. हॅशमधून मूळ पासवर्ड परत काढता येत नाही, म्हणून ज्याने त्याने नवा द्यावाच लागतो. चेज कमांडने सगळ्यांची शेवटच्या बदलाची तारीख शून्य केली, की पुढच्या लॉगिनला मशीन नवा पासवर्ड मागतं.

देवघेव बघणारे आजोबा तेवढे गावाला गेले होते. काल ते आले, नवा पासवर्ड दोनदा, एकेक अक्षर शोधत टाइप केला आणि विचारलं, "झालं का गं?" मी शॅडो फाइल उघडली. डॉलर-एक-डॉलरची एकही ओळ उरली नव्हती.

झालं, ताई.

तुमची,
वाचनालयाचा सर्व्हर सांभाळणारी