सरवा वेचणारी लीग

सेंट लुईस
६ जुलै २०२५

प्रिय विन्या,

परवा फोनवर तू विचारलंस, ही वसंतातली नवी अमेरिकन फुटबॉल लीग, यूएफएल, तिथल्या सगळ्यात मोठ्या लीगची म्हणजे एनएफएलची फार्म सिस्टम, खेळाडू तयार करणारी नर्सरी, होऊ शकेल का? मी गाडीत होतो, "लिहून कळवतो" म्हणालो. तर कळवतो : माझ्या मते नाही. एवढ्यावर तुझं समाधान होणार नाही हे ठाऊक आहे. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहारचा फुटबॉल सामना संपल्यावर मिरजकर तिकटीला उभा राहून ऑफसाइडवर हुज्जत घालणारा माणूस तू. तेव्हा जरा पसरूनच लिहितो.

फार्म सिस्टम ही मुळात आमच्या सेंट लुईसची देणगी. इथली माणसं हे पाहुण्याला पहिल्या पाच मिनिटांत ऐकवतात. १९२०च्या दशकात इथल्या कार्डिनल्स या बेसबॉल संघाकडे न्यूयॉर्कवाल्यांइतका पैसा नव्हता. तयार खेळाडू घ्यायला गेलं की बोली हाताबाहेर जायची. तेव्हा संघाचा कारभार बघणाऱ्या ब्रँच रिकीने ठरवलं, पोरं कोवळी असतानाच उचलायची आणि छोट्या गावांतल्या, आपल्याच ताब्यातल्या संघांत वाढवायची. १९२६ साली कार्डिनल्स पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज जिंकले, पुढे १९३१ आणि १९३४ सालीही. मग बाकीच्यांनी निमूटपणे तोच कित्ता गिरवला. आज बेसबॉलच्या ३० मोठ्या संघांना प्रत्येकी चार, असे १२० छोटे संघ जोडलेले आहेत. खेळाडूचा पगार वरचा संघ देतो, प्रशिक्षक वरचा संघ नेमतो, पोराने आज किती चेंडू टाकायचे हेही वरूनच ठरतं. खालचा संघ हरला तरी वरच्याला त्याचं सुतक नसतं. पोरगं शिकलं ना, मग झालं.

आता यूएफएलकडे बघ. एक्सएफएल आणि यूएसएफएल या दोन लीग एकत्र येऊन २०२४च्या मार्चमध्ये ती सुरू झाली. आठ संघ, दहा-दहा सामने, मार्च ते जून. एनएफएलचा तिच्यात एक डॉलर नाही, आणि एकही खेळाडू एनएफएलने धाडलेला नाही. इथला प्रशिक्षक जिंकण्यासाठी खेळतो, कारण हरला तर त्यालाच नारळ मिळतो. समज, एखाद्या एनएफएल संघाला वाटलं की या पोराने यंदा फक्त डाव्या बाजूचा टॅकल म्हणून खेळावं, तर तसं सांगायची सोय कुठेच नाही. फार्म सिस्टमचा सगळा जीव त्या हुकमतीत असतो, आणि इथे तीच नाही.

बरं, एनएफएलला तिची गरज तरी कुठे आहे? तिचं शेत कॉलेजांनी कधीचं नांगरून ठेवलंय. शाळा सोडून तीन वर्षं झाल्याशिवाय पोराला ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांच्या नव्या पोरांच्या निवडीत, येता येत नाही. ती तीन-चार वर्षं त्याला खायला घालणं, व्यायामशाळा देणं, मोडलं तर जोडणं, सगळं कॉलेज करतं. वर लाखभर लोकांसमोर खेळायची सवयही लावतं. दर एप्रिलमध्ये ३२ संघ सात फेऱ्यांत अडीचशेच्या आसपास पोरं उचलतात, ती अशी तयार होऊन आलेली. या नर्सरीचा एनएफएलला छदामही पडत नाही. आणि आता तर गंमत आणखी वाढलीय. २०२१पासून कॉलेजच्या पोरांना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येतात, आणि या १ जुलैपासून कॉलेजं त्यांना थेट पैसे देऊ शकतात, एका कॉलेजला पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. यूएफएल सुरू झाली तेव्हा तिथला किमान पगार आठवड्याला ५,५०० डॉलर होता, म्हणजे दहा सामन्यांचे ५५ हजार. नावाजलेल्या कॉलेजातला बरा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा खेळाडू, यापेक्षा कितीतरी जास्त मिळवतो. कुठल्या धंद्यात शिकाऊ पोराला कामगारापेक्षा जास्त मिळतं, सांग बघू!

मग या लीगचं काम काय? आपल्याकडे ज्वारीची सुगी झाल्यावर राहिलेली कणसं वेचतात ना, तसा ती सरवा वेचते. आणि सरवा काही थोडाथोडका नसतो. उन्हाळ्यातल्या शिबिराला प्रत्येक एनएफएल संघाकडे ९० जण असतात, ऑगस्टअखेर ५३ उरतात. संघामागे ३७, असे ३२ संघांचे मिळून ११८४ जण एका झटक्यात बाहेर. त्यातले काही प्रॅक्टिस स्क्वॉडमध्ये, सरावापुरते राखीव म्हणून, परत येतात, बाकीचे घरी. इतकी माणसं इतक्या घाईत गाळली की चांगला दाणाही मातीत राहणारच.

जेक बेट्सचं उदाहरण घे. कॉलेजात हा पोरगा सुरुवातीला तुमचा तो खरा फुटबॉल खेळायचा. नंतर आर्कान्सास विद्यापीठाच्या संघात आला, पण तिथेही फक्त किकऑफ, म्हणजे खेळ सुरू करायची किक मारायला; सामन्यात फील्ड गोल, म्हणजे दोन खांबांमधून गुणांसाठी घालायची किक, एकही मारलेला नाही. पुढे ह्यूस्टनकडे विटा विकायची नोकरी धरली. ३० मार्च २०२४, यूएफएलचा पहिलाच दिवस, डेट्रॉइटच्या फोर्ड फील्डवर मिशिगन पँथर्स विरुद्ध आमचे सेंट लुईसचे बॅटलहॉक्स. आम्ही सगळे टीव्हीसमोर. शेवटचे काही सेकंद उरलेले, आम्ही पुढे, आणि मिशिगनला गरज ६४ यार्डांच्या किकची. एवढ्या लांबून कोण मारतंय, म्हणून मी चहा टाकायला उठलोसुद्धा. त्याने मारली, चेंडू दोन खांबांमधून गेला, पण आमच्या प्रशिक्षकाने ऐन वेळी टाइमआउट घेतला होता, त्यामुळे ती धरली नाही. घरात जल्लोष. पोरगं पुन्हा उभं राहिलं, तीच पावलं मोजली, आणि तीच किक पुन्हा त्याच जागेवरून घातली. १८-१६. माझ्या मुलाने दोन दिवस आमच्या प्रशिक्षकाला क्षमा केली नाही. हंगाम संपल्यावर डेट्रॉइट लायन्सने बेट्सला घेतलं, आणि ज्या मैदानावर त्याने आम्हाला बुडवलं तेच आता त्याचं घरचं मैदान आहे.

ब्रँडन ऑब्रीचीही तीच कथा. २०१७ साली सॉकरच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत निवडलेला, मग सॉफ्टवेअर इंजिनिअर, मग बर्मिंगहॅम स्टॅलियन्सचा किकर, आणि २०२३ साली डॅलस काउबॉइजकडे. तिथे कारकिर्दीतल्या पहिल्या ३५ फील्ड गोलपैकी एकही चुकला नाही. ३५!

पण किकरच का, याचा विचार केलास? खांब सगळीकडे सारखेच असतात आणि ६४ यार्ड म्हणजे कुठेही ६४ यार्डच. किकरची पारख करायला त्याच्या आजूबाजूच्या दहा जणांचा हिशेब धरावा लागत नाही. चपळाईने किक परतवणाऱ्याचंही बरंचसं तसंच. २०२२ साली केव्हाँटे टर्पिन यूएसएफएलमधून काउबॉइजकडे गेला आणि पहिल्याच वर्षी प्रो बोलला, एनएफएलच्या निवडक खेळाडूंच्या मानाच्या संघात, निवडला गेला. क्वार्टरबॅक आणि लाइनमन, म्हणजे पुढच्या फळीतले गडी, यांची मात्र गोष्ट वेगळी. त्यांना खरोखर वाढवावं लागतं. एकच पद्धत, एकच प्रशिक्षक, चुका करायची मुभा आणि वेळ. फार्मची गरज ज्यांना सगळ्यात जास्त, त्यांच्यासाठीच ही लीग तोकडी पडते.

जॉर्डन टाआमू माहीत नसेल तुला. २०२० साली, कोविडने एक्सएफएल बंद पाडायच्या आधी, तो आमचा क्वार्टरबॅक होता. त्यानंतर एनएफएलच्या तंबूत आत-बाहेर करत राहिला, वसंतात एका लीगमधून दुसरीत. यंदा जूनमध्ये वॉशिंग्टनच्या डीसी डिफेंडर्सकडून आला, आमच्याच डोममध्ये, इथल्या छताच्या स्टेडियममध्ये, आधी आम्हाला बाहेर काढलं, आणि आठवड्याने तिथेच मिशिगनला ५८-३४ हरवून अंतिम सामन्याचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. या दर्जाचा गडी, आणि एनएफएलच्या नियमित हंगामातला सामना अजून त्याच्या वाट्याला नाही. मला तर हे पटतच नाही. पण एनएफएलचे लोक म्हणणार, समोरचे बचावपटू कोण होते?

तू म्हणशील, मग एनएफएलने स्वतःच काढावी ना अशी लीग. काढली होती बाबा! १९९५ ते २००७ युरोपात त्यांची स्वतःची लीग होती. संघ आपले राखीव खेळाडू तिकडे धाडायचे, म्हणजे फार्मच्या जवळात जवळ जाणारी गोष्ट. तेव्हा इथे असलेल्या रॅम्स या आमच्या एनएफएल संघाने १९९८ साली कर्ट वॉर्नर नावाच्या माणसाला ॲमस्टरडॅमला पाठवलं. आयोवातल्या किराणा दुकानात रात्रपाळीला मांडणीवर माल लावणारा हा गडी. पुढच्या वर्षी इथला मुख्य क्वार्टरबॅक जायबंदी झाला, वॉर्नर आत आला आणि २०००च्या जानेवारीत सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकून मोकळा झाला. एवढं पीक येऊनही मालकांनी हिशेब मांडला, दर वर्षी कोट्यवधी डॉलरचा तोटा दिसला, आणि दुकान बंद केलं.

२०१९ साली एएएफ नावाची लीग आली. तिने तर फार्म व्हायचा उघड हट्टच धरला होता. पैसा लावणारे टॉम डंडन म्हणाले, एनएफएलच्या संघांतली तळाची तरुण पोरं आम्हाला वसंतात खेळायला द्या. खेळाडूंच्या युनियनने नकार दिला, आणि आठच आठवड्यांत लीग गुंडाळली गेली. काही खेळाडूंना घरी जायचं विमानाचं तिकीटही पदरमोड करून काढावं लागलं म्हणे. युनियनला लोकांनी नावं ठेवली, मला ती रास्तच वाटली. हा अंगाला अंग भिडवायचा खेळ आहे. जूनपर्यंत दहा सामने खेळून संपवायचे, जुलैत शिबिर, मग १७ सामने जानेवारीपर्यंत. त्यात गुडघा गेला तर जबाबदार कोण? बेसबॉलचं पोरगं वर्षाला शंभराहून जास्त सामने खेळू शकतं, कारण रोज कुणी शंभर-सव्वाशे किलोचा माणूस त्याच्यावर येऊन आदळत नाही.

एक सांगतो, इथल्या लोकांना फार्मबिर्मचं काही पडलेलं नाही. २०१६ साली रॅम्स लॉस एंजेलिसला गेले. त्या भानगडीच्या खटल्यात तडजोडीचे ७९ कोटी डॉलर मिळाले, संघ नाही मिळाला. म्हणून २०२३ साली बॅटलहॉक्सच्या घरच्या पहिल्या सामन्याला ३८,३१० माणूस आलं, घशाच्या शिरा ताणून "का-कॉ! का-कॉ!" ओरडायला. आम्हीही होतो, मंडळातली दोन-तीन कुटुंबं, डब्यात थालीपीठ नेलेलं, ते दारावरच अडवलं. उद्या ही लीग खरंच एनएफएलची फार्म झाली, तर ऐन उपांत्य फेरीच्या आठवड्यात आमचा क्वार्टरबॅक वरून फोन आला म्हणून निघून जाईल. बेसबॉलच्या छोट्या गावांत हे रोज होतं, लोक चालवून घेतात. आमचे घेणार नाहीत. त्यामुळे टाआमूलाही एनएफएलने उचलू नये, अशी माझी स्वार्थी इच्छा आहे. पुढच्या वर्षी त्याच्यावर आमचा हिशेब बाकी आहे.

तू यायचं म्हणतोयस तर मार्चनंतर ये. एनएफएलपेक्षा तिकीट पुष्कळ स्वस्त असतं आणि थंडीही ओसरलेली असते. तोवर लीग टिकली नाही तर कार्डिनल्स आहेतच, त्यांचं काही बंद पडत नाही. येताना तांबड्या मसाल्याचे दोन पुडे घेऊन ये, वहिनींना नमस्कार सांग, आणि आबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनचं काय झालं ते सविस्तर कळव. फोनवर विचारायचं राहून गेलं.

तुझा,
अजित