चार जुलै आणि आपली प्रभातफेरी

ती. बाबा आणि आई,
शि. सा. न.

परवा फोनवर नीट बोलताच आलं नाही, तिकडे तुमच्या कुकरच्या शिट्ट्या, इकडे फटाके, आणि त्यात बाबा तुमचा आवाज चढला की मला पुढचं काही सुचत नाही हे तुम्हाला माहितीये. म्हणून हे टाइप करून पाठवतेय. आई, चष्मा लावून तूच वाचून दाखव, बाबा मोबाईलवर अर्धं वाचतात आणि ठेवून देतात.

विषय तोच, ग्रुपवर टाकलेला फोटो. शेजारच्या आजींच्या अंगणातला. मी खाली एवढंच लिहिलं होतं की आज इथला, म्हणजे अमेरिकेचा, स्वातंत्र्यदिन आणि ह्या घरात दरवर्षी आजच्या दिवशी गुलामगिरीवरचं भाषण मोठ्यानं वाचतात. त्यावर काकांचा लगेच मेसेज, खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत. आणि तुम्हीही फोनवर तेच, की त्या देशानं तुला नोकरी दिली, घर दिलं, मग त्यांच्या सणादिवशी त्यांचीच उणीदुणी कशाला काढायची.

पण बाबा, ज्यांच्या बापजाद्यांनी ते वासे खांद्यावर वाहून चढवले त्यांनी तरी मोजावेत की नाही? हे मी उगाच बोलायचं म्हणून बोलत नाहीये, व्हाइट हाउस बांधायला खरंच गुलाम राबलेत. आणि सगळी माणसं समान आहेत असं १७७६ ला इथल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात ज्यानं लिहिलं त्या जेफरसनकडे आयुष्यभरात मिळून सहाशेच्या वर गुलाम होते. इथं हे काही गुपित नाहीये, शाळेतली पोरं पण शिकतात.

आता आजींचं सांगते. वय ऐंशीच्या पुढे, काळ्या आहेत, सगळा जन्म इथं जॉर्जिया राज्यातच गेला. त्यांच्या हॉलमध्ये काचेच्या पेटीत तिकोनी घडी घातलेला झेंडा आहे. इथं माजी सैनिक वारला की दफनाच्या वेळी अशी घडी घालून झेंडा घरच्यांच्या हातात देतात, तो त्यांच्या वडिलांचा. वडील दुसऱ्या महायुद्धात होते, तेव्हा काळ्यांच्या पलटणी वेगळ्या असायच्या (अध्यक्ष ट्रुमननं हा भेद मोडायचा हुकूम काढला तो १९४८ ला, म्हणजे युद्ध संपून तीन वर्षं झाल्यावर), आणि लढून परत आले तर इथल्या बसमध्ये परत मागच्याच सीटवर. मी त्यांना एकदा विचारलं होतं की मग एवढं सगळं होऊन तुम्ही चार जुलैला दारात झेंडा का लावता, तर माझ्याकडे अशा बघायला लागल्या जशी मी वेडीच आहे, म्हणाल्या माझ्या बापाचा झेंडा आहे, मी का काढू?

तर त्यांच्याकडे दर चार जुलैला अंगणात शेगडी पेटते, मटण बिटण भाजतात, आणि जेवणाआधी मोठा नातू प्लास्टिकच्या फोल्डरमधून कागद काढून वाचायला लागतो. कागदांवर सॉसचे डाग, लहान पोरांचं सगळं लक्ष कलिंगडाकडे, आपली छोटी पण त्यांच्यातच. भाषण आहे फ्रेडरिक डग्लसचं. हा माणूस स्वतः गुलाम म्हणून जन्मला, १८३८ ला पळून जाऊन मोकळा झाला, आणि १८५२ ला रॉचेस्टरमध्ये त्याला स्वातंत्र्यदिनाचं भाषण करायला बोलावलं तर त्यानं चारला नाही, पाच जुलैला केलं. समोर सहाशेच्या आसपास माणसं. त्यांना तोंडावर विचारलं की तुमचा हा दिवस गुलामाला काय कामाचा? मला जास्त आवडतं ते पुढचं. ह्या माणसानं देशाच्या नावानं बोटं मोडली नाहीत, ज्यांनी देश उभा केला त्यांना शूर म्हणाला, राज्यघटना फेकून द्या म्हणाला नाही, उलट म्हणाला नीट वाचा, ती स्वातंत्र्याच्याच बाजूची आहे. मला तरी ह्यात देशाचा द्वेष कुठं दिसत नाही, उलट एवढा हक्क सांगायला माया लागते.

आणि आपलं काय, आपण इथं आलो कसे? आपल्याकडच्या पार्ट्यांमध्ये सगळे छाती फुगवून सांगतात की आम्ही मेहनतीनं आलो, बुद्धीवर आलो. आलो ना, नाही कुठं म्हणते मी. पण १९२३ ला भगतसिंग थिंद नावाचा माणूस, अमेरिकेच्याच सैन्यात नोकरी केलेला, सुप्रीम कोर्टात गेला तर कोर्ट म्हणालं तू गोरा नाहीस, तुला नागरिकत्व नाही. १९४६ ला दार जरा उघडलं ते वर्षाला शंभर भारतीय एवढंच. ते खरं उघडलं बाहेरच्यांना इथं येऊन राहू देण्याच्या १९६५ च्या कायद्यानं, आणि तो कायदा आला कारण त्या वर्षांत काळी माणसं रस्त्यावर होती, लाठ्या खात होती, पोलिसांची कुत्री अंगावर घेत होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांच्या मतदानाच्या हक्काचा कायदा झाला आणि ऑक्टोबरमध्ये हा आपला. म्हणजे बाबा, मीठ खायचंच बोलायचं तर मी आजींच्या घरचं पण खाल्लंय.

अजून एक, हे तुम्हाला आवडेल. मार्टिन ल्यूथर किंग ज्या चर्चमध्ये बोलायचे ते एबेनेझर चर्च आमच्यापासून गाडीनं थोडंच लांब आहे. तिथं १९६५ च्या चार जुलैलाच त्यांनी १९५९ च्या भारतभेटीची गोष्ट सांगितली. त्रिवेंद्रमला दलित मुलांच्या शाळेत गेले तर मुख्याध्यापकांनी त्यांची ओळखच करून दिली की हे आपल्यासारखेच अमेरिकेतले अस्पृश्य. त्यांना आधी राग आला. मग विचार करत बसले आणि म्हणाले, हो, आहे मी अस्पृश्य. त्याच्याही कितीतरी आधी आपल्या जोतिबांनी, ज्यांचं मूळ गाव कटगुण आपल्याच जिल्ह्यातलं, १८७३ ला 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना. तिकडचं इकडे, इकडचं तिकडे हे मी काही नवीन काढलेलं नाही. आणि जातपण आपली माणसं सामानात घेऊनच येतात, सिएटल शहराला २०२३ मध्ये जातीभेदाविरुद्ध कायदा करावा लागला तो काय उगाच? ह्यावर मात्र पार्टीत सगळे गप्प.

आता तुमचंच तुम्हाला सांगते. तुम्ही हेडमास्तर झालात त्या वर्षीची पंधरा ऑगस्टची फेरी आठवतीये का? मी चौथीत होते, झेंडा माझ्या हातात होता. चावडीपासून निघायचं, मारुतीच्या देवळाला वळसा, पाटलांच्या वाड्यावरून परत शाळा, वर्षानुवर्षं तेच. ओढ्यापलीकडच्या वस्तीतली पोरं फेरीत असायची, घोषणा त्यांच्याच आवाजात सगळ्यात मोठ्या, पण फेरी त्यांच्या स्वतःच्या दारावरून कधी गेली नव्हती. त्या वर्षी तुम्ही देवळापाशी शिट्टी मारलीत आणि हातानं ओढ्याकडे वळायला सांगितलंत. ताशावाला थांबलाच, त्याला वाटलं गुरुजी चुकले. फरशीवरून पाणी चाललं होतं, आम्ही चपला हातात घेऊन पलीकडे गेलो. तिथं एक म्हातारे सदऱ्याची बटणं लावत लावत पळत बाहेर आले आणि दारातच ताठ उभे राहिले, माझ्या हातातला झेंडा पुढे जाईपर्यंत.

संध्याकाळी चार जण घरी आले होते. गुरुजी, आजच्या दिवशी कशाला हे, झेंड्याच्या दिवशी तरी गावात दुही नको. मी आतून ऐकत होते. तुम्ही त्यांना चहा दिलात आणि बाबासाहेब लहानपणी मसूर स्टेशनवर उतरले तेव्हाची गोष्ट सांगितलीत, १९०१ ची, की जात कळल्यावर बैलगाडीवाला पोरांना न्यायला तयार होईना, दुप्पट भाड्यावर आला पण गाडी त्या पोरांनीच हाकायची. मसूर आपल्यापासून किती लांब, असं विचारलंत. कोणी काही बोललं नाही. पुढच्या २६ जानेवारीला जिलेबीचे पैसे देणाऱ्यानं पैसे दिले नाहीत, आणि आईनं रात्री बसून शेंगदाणे भाजले, गुळाचे खडे फोडले, पुड्या बांधल्या. आई, तू तेव्हा बाबांना काय काय बोलली होतीस ते पण आठवतंय मला.

गावाला कमीपणा आणला असं तुमच्याबद्दल बोलणारे होते, अजून असतील. मला नाही तसं वाटत, आणि आजींच्या अंगणातल्या त्या वाचनाबद्दलही नाही वाटत. काकांना मी काही उत्तर दिलेलं नाही, तुम्हाला वाटलं तर त्यांना हे वाचायला द्या.

छोटीला ती फेरीची गोष्ट तुमच्या तोंडून ऐकायचीये, मी सांगितलं तर म्हणते तू वाढवून सांगतेस. रविवारी संध्याकाळी सातला व्हिडिओ कॉल करते, आमच्याकडे तेव्हा सकाळचे साडेनऊ. मराठीत सावकाश सांगा, ताशा आणि ओढा जास्त सांगा, आणि आई, मधेमधे तोडू नकोस त्यांना. बीपीची गोळी चालू आहे ना दोघांची?

तुमची,
माई