अळीला खाणावळ आम्हीच उघडली

महोदय,

जनुकीय सुधारित पिकांची चर्चा दरवेळी 'हवीत की नकोत' इथेच अडते. बीटी कापसाला, म्हणजे जीवाणूचं जनुक घालून बोंडअळीला मारक केलेल्या कापसाला, देशात २००२ साली परवानगी मिळाली, २००६ मध्ये अशा दोन जनुकांची वाणं आली. अमेरिकन बोंडअळीवर ती बऱ्यापैकी चालली. गुलाबी अळीनं मात्र दोन्ही जनुकं पचवली. दोष एकट्या तंत्रज्ञानाचा नाही. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बी मिळायचं. ते कडेनं लावलं तर तिथं बीटीची सवय नसलेल्या अळ्याही टिकतात, आणि अळीत बीटीविरुद्ध प्रतिकारशक्ती उशिरा येते. आम्ही ते फेकून दिलं, खोटं कशाला बोलू! वर वेचणी आटोपल्यावरही पीक न उपटता फरदड म्हणून मार्चपर्यंत उभं ठेवलं, म्हणजे अळीला बारमाही खाणावळच. आता पाकळ्या चिकटलेली डोमकळी उकलली, की आत अळी निवांत बसलेली दिसते.

मादीच्या गंधानं नर पतंगांना पकडणारे कामगंध सापळे लावा म्हणतात. पण कधी आणि एकरी किती, हे सांगायला बांधावर येतो तो औषधविक्रेताच. नव्या वाणांना मंजुरी देण्याआधी सांगणारी माणसं नेमा. तणनाशक सहन करणारं विनापरवाना बियाणं चोरून विकलं जातंच आहे, आणि त्याच्यासोबत तर माहितीची चिठ्ठीसुद्धा येत नाही.

— एक कापूस उत्पादक