नागिणीचा वेढा आणि हुकलेले तीन दिवस

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात माझ्या आईला नागीण झाली. वय ७१. आधी दोन दिवस डाव्या बरगडीखाली आग होत होती, आम्ही पित्त समजलो. मग पाण्याच्या फोडांचा पट्टा उठला. गल्लीत सगळ्यांचे एकच म्हणणे : इंजेक्शन घेऊ नका, चिघळेल, आधी उतरवून घ्या, तोंडाला शेपूट मिळाले तर माणूस जाते. शेजारच्या गावी नेले, मंत्र झाला, लेप झाला. डॉक्टरांकडे पोहोचलो तो फोड उठल्यापासूनचा पाचवा दिवस. फोड महिनाभरात वाळले. कळा मात्र आठ महिन्यांनंतरही आहेत. तिला पदराचा स्पर्शसुद्धा सोसत नाही.

मंत्र घालणाऱ्या गृहस्थांनी एक पैसा घेतला नाही, त्यांच्यावर माझा राग नाही. नागिणीचे फोड दोन ते चार आठवड्यांत बहुधा आपोआपच वाळतात. म्हणून तर गुण मंत्राला जातो आणि मागे राहणाऱ्या कळा म्हाताऱ्या माणसाच्या नशिबाला.

नागीण बाहेरून येत नाही. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने पाठीच्या कण्यालगतच्या पेशींच्या गाठींत जाऊन बसतो. तिथे पेशीच्या केंद्रात त्याचा डीएनए तेवढा पडून असतो. जवळपास सगळी जनुके मिटलेली, नवे विषाणू बनणे बंद. पन्नास-साठ वर्षे अशी जातात. वय, मधुमेह, स्टिरॉइड किंवा कर्करोगाची औषधे यांनी शरीराचा पहारा ढिला पडला की जनुके उघडतात, पेशीत विषाणूच्या प्रती निघू लागतात आणि त्याच तंतूवरून त्या कातडीपर्यंत उतरतात. तंतूच सुजलेला असतो, म्हणून फोडांआधी आग. इंग्लंडमधल्या सायरेन्सेस्टर गावच्या होप-सिम्पसन या फॅमिली डॉक्टरांनी आपल्याच भागातले १६ वर्षांतले १९२ रुग्ण अभ्यासून, कांजिण्यांचा विषाणू असा दडून राहतो आणि पहारा ढिला पडला की उठतो, हे १९६५ साली मांडले. मोठी प्रयोगशाळा नव्हे, साधा गावचा दवाखाना! ताप किंवा कडक उन्हानंतर ओठाच्या कडेला पुन्हा पुन्हा फोड आणणारा हर्पिस हा याच घराण्यातला. त्याचा मुक्काम चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत.

आता वेढ्याचे. कण्यातून निघणारा प्रत्येक तंतू अंगाच्या एकाच बाजूला जातो, पोटाच्या मध्यरेषेपर्यंत. म्हणून पट्टा सहसा तिथेच थांबतो. वेढा पूर्ण होण्याची भीती घालून आपण माणसाला दवाखान्यापासून दूर ठेवतो, हे मला फार लागते. असायक्लोव्हिरसारखे औषध विषाणूच्या प्रती निघत असतानाच काम करते, झोपलेल्या विषाणूला ते काही करू शकत नाही. फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत ते सुरू झाले तर सर्वांत उपयोग. आम्ही नेमके तेच तास घालवले.

पन्नाशीनंतर घेण्याची दोन डोसांची लस २०२३ पासून भारतात मिळते, पण तिची किंमत आमच्यासारख्या घराच्या आवाक्याबाहेर आहे. सरकारने त्यात लक्ष घालावे. तोवर प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारावर ‘नागीण : तीन दिवसांच्या आत या’ एवढा फलक लागावा आणि आपणही आरोग्याच्या पानावर हे ठळक छापावे, ही विनंती. त्यात एक ओळ जरूर घाला : कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, कारण त्यात नजर जाऊ शकते.

आपला,
एक वाचक, जि. सातारा